केळे खाऊत धरायचे का?

जपानमधली जवळजवळ प्रत्येक शाळा आपल्या मुलांना निदान एकदा घरापासून लांब, रात्रीच्या मुक्कामासह, संस्कृती दाखवायला घेऊन जाते. या सहलीला ‘शूगाकु-ऱ्योको’ म्हणतात. प्राथमिक शाळेची सहल सहावीत निघते आणि बहुधा एका रात्रीची असते. माध्यमिक शाळेची तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षी निघते आणि दोन रात्री चालते. उच्च माध्यमिकमध्ये मात्र ती दुसऱ्याच वर्षी उरकून घेतात, कारण तिसरे वर्ष विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षांनी आधीच गिळलेले असते.

कोणी कुठे जायचे, हेही साधारण ठरलेले आहे. तोक्यो परिसरातल्या प्राथमिक शाळा निक्कोला जातात आणि माध्यमिक शाळा क्योतो-नाराला. क्योतो-ओसाकाकडच्या मुलांच्या दारातच संस्कृती पडलेली असते, त्यामुळे ती तोक्योला येतात. मे-जूनच्या एखाद्या सकाळी तोक्योची मुले जुना जपान पाहायला पश्चिमेकडे निघालेली असतात आणि शेजारच्या रुळावरून पश्चिमेकडची मुले नवा जपान पाहायला पूर्वेकडे. दोन्ही शिन्कान्सेन गाड्या एकमेकींना डोळ्याचे पाते लवायच्या आत ओलांडतात. त्या क्षणी दोन्ही गाड्यांतली मुले पत्ते खेळत असतात.

अभ्यासक्रमाच्या भाषेत या सहलीचा उद्देश भारदस्त आहे: नेहमीपेक्षा वेगळ्या परिसरात निसर्ग आणि संस्कृती यांची ओळख करून घेणे, आणि समूहात राहण्याची सवय लावणे. उद्देशाचा पहिला भाग देवळांवर सोपवलेला असतो आणि दुसरा शिक्षकांवर. पैकी देवळे शेकडो वर्षे जागच्या जागी उभी असल्यामुळे त्यांची कोणाला चिंता नसते. सहलीचे सगळे बळ दुसऱ्या भागावर खर्च होते. परिणामी एक गमतीची गोष्ट घडते. मुलांना जी जपानी संस्कृती दाखवायला नेतात ती त्यांना फारशी दिसत नाही, आणि जी दाखवायचे कोणाच्या मनात नसते ती पहिल्या मिनिटापासून त्यांच्या अंगवळणी पडू लागते. रांग, गट, वेळ आणि वाटून दिलेली जबाबदारी, असे हिचे स्वरूप.

ही विभागणी सहलीच्या जन्मापासूनची आहे. १८८६ सालच्या फेब्रुवारीत तोक्योच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेचे विद्यार्थी अकरा दिवसांच्या पायी सफरीवर निघाले आणि पूर्वेकडे चिबा प्रांतातल्या चोशीच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाऊन आले. तो काळ शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांचा होता. भावी शिक्षकांच्या अंगी लष्करी शिस्त बाणली पाहिजे, असे त्यांचे ठाम मत होते. शाळेतल्या काही मंडळींना मात्र एवढे चालायचेच आहे तर वाटेत थोडा भूगोल आणि निसर्गही पाहावा, असे वाटत होते. दोन्ही पक्षांचे समाधान करण्यात आले. विद्यार्थी लष्करासारखे चालले आणि थांबतील तिथे निरीक्षण करत गेले. आज बंदूक नाही, कवायत नाही. पण निरीक्षणापेक्षा चालण्याचाच आवाज मोठा, हे प्रमाण कायम राहिले आहे.

पुढे रेल्वे पसरली तशी सहल पायांवरून चाकांवर आली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षांत ती बंद पडली. युद्धानंतर पुन्हा सुरू झाली तेव्हा देशात तांदळाचे रेशन होते, म्हणून मुले आपापल्या वाट्याचा तांदूळ पिशवीत घालून नेत आणि सरायवाल्याच्या हवाली करत. त्या पिढीतल्या लोकांना देवळांपेक्षा ती पिशवी जास्त आठवते, यात नवल नाही.

एक प्रसंग मात्र हसण्यापलीकडचा आहे. ११ मे १९५५ रोजी सेतो अंतर्गत समुद्रात दाट धुक्यात ‘शिउन मारू’ ही रेल्वेची प्रवासी बोट दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. १६८ माणसे मरण पावली, त्यांत सहलीला निघालेली शंभर मुले होती. त्या समुद्रावर पूल बांधावा या मागणीला या दुर्घटनेने जोर आला, आणि १९८८ साली सेतो महासेतू वाहतुकीला खुला झाला. अनेक शाळांत पोहण्याचे तलाव बांधले गेले तेही याच धक्क्यातून. जपानी शिक्षक सहलीत दर अर्ध्या तासाने मुले का मोजतो, याचे उत्तर काही अंशी इथे मिळते.

एप्रिल १९५९ मध्ये रेल्वेने शालेय सहलींसाठी खास गाड्या सुरू केल्या. तोक्योकडच्या मुलांची ‘हिनोदे’ म्हणजे सूर्योदय, आणि पश्चिमेकडच्या मुलांची ‘किबो’ म्हणजे आशा. या गाड्या लाल-पिवळ्या रंगाच्या होत्या, बाकावर एका बाजूला तिघे आणि दुसऱ्या बाजूला दोघे बसत. मुले लहान असल्यामुळे ही दाटी चालून जाई. १९६४ मध्ये शिन्कान्सेन आली आणि १९७१ मध्ये सूर्योदय आणि आशा दोन्ही वेळापत्रकातून निघून गेले.

सहलीची तयारी वर्षभर आधी सुरू होते. शिक्षक मुक्कामाचे ठिकाण स्वतः जाऊन पाहून येतात. पालकांकडून दरमहा थोडी थोडी रक्कम कापली जाते, त्यामुळे सहल जवळ येते तेव्हा ती फुकट असल्याचा भास मुलांना होतो. मग समित्या नेमल्या जातात. वर्गाचे पाच-सहा जणांचे गट पडतात आणि प्रत्येक गटाला एक प्रमुख मिळतो. खोलीचा प्रमुख वेगळा. जेवणाची जबाबदारी एकाकडे, आंघोळीची दुसऱ्याकडे, आरोग्याची तिसऱ्याकडे. बाकी कोणतेच काम न उरलेला मुलगा ‘नोंदी’ सांभाळतो. बिनपदाचा माणूस या सहलीत नसतो. पहिल्या रात्री सगळे गटप्रमुख जेवणानंतर शिक्षकांसमोर जमतात आणि दिवसाचा आढावा घेतात: आज एकत्र जमायला चार मिनिटे उशीर झाला, उद्या काय करता येईल? पंधरा वर्षांच्या मुलांची ही बैठक एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळाला शोभेल अशी गंभीर असते, आणि त्यातली बरीच मुले पुढे त्याच मंडळांत बसणार असल्यामुळे सराव वाया जात नाही.

या सगळ्या तयारीचा ग्रंथ म्हणजे ‘शिओरी’. ही सहलीची पुस्तिका मुलेच तयार करतात. मुखपृष्ठावर वर्गातल्या चित्रकलेत बऱ्या मुलीने काढलेले हरीण किंवा पाच मजली पॅगोडा असतो. आत सहलीचे घोषवाक्य, गटांची यादी, बसमधल्या जागा, खोल्यांचे नकाशे, सोबत आणायच्या वस्तू, त्यांपुढे खूण करायला चौकोन आणि शेवटी अनुभव लिहायला कोऱ्या ओळी. वेळापत्रक मिनिटांत असते. उठणे ६.३०, तोंड धुणे आणि गाद्या आवरणे ६.५०, न्याहारी ७.१०. प्रत्येक वेळेच्या पाच मिनिटे आधी तयार राहायचे, हा नियम पुस्तिकेत वेगळा छापलेला असतो. आता पाच मिनिटे आधी पोहोचणे हीच वेळ झाली, तर तिच्याही पाच मिनिटे आधी पोहोचावे लागेल, हा तर्क दरवर्षी कोणीतरी हुशार मुलगा मांडतो. त्याला आंघोळ समितीवर घेतात.

पुस्तिकेतला सर्वांत वादग्रस्त मजकूर खाऊविषयीचा असतो. प्राथमिक शाळेच्या सहलीत खाऊवर किती खर्च करायचा, याला मर्यादा असते. पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येणारा आकडा म्हणजे ३०० येन. सहलीच्या आदल्या दिवशी मुले दुकानात उभी राहून, बोटांवर हिशेब करत, दहा-वीस येनच्या गोळ्या-बिस्किटांची अशी जुळणी करतात की शेवटचा येनही फुकट जाऊ नये. जपानी मुलांना अंकगणित कशासाठी शिकवतात, ते तिथे कळते. आणि मग वर्गात तो प्रश्न येतो, जो जपानमधल्या प्रत्येक माणसाने ऐकलेला आहे: गुरुजी, केळे खाऊत धरायचे का?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. केळे खाऊ ठरले तर त्याची किंमत ३०० येनमधून वजा होते. ते डब्याचा भाग ठरले तर जेवणात मोडते आणि तीनशे येन शाबूत राहतात. पुस्तिका याबाबत मौन बाळगते. काही शिक्षक सांगतात की डब्याच्या आत असेल तर जेवण, डब्याच्या बाहेर असेल तर खाऊ. या निकालावर लगेच पुढचा प्रश्न येतो की केळे अर्धे आत आणि अर्धे बाहेर असेल तर काय. हा प्रश्न आता विनोद म्हणूनच जास्त विचारला जातो आणि सभेत नको ते शंकानिरसन मागणाऱ्या कोणत्याही माणसाला शोभतो. तरी त्याच्यामागची वृत्ती खरी आहे. नियम मोडायचा नाही, पण त्याच्या कडेकडेने कुठवर जाता येते, ते आधी विचारून ठेवायचे.

निघण्याच्या दिवशी मोठे सामान मुलांसोबत नसते. ते आदल्या दिवशीच कुरिअरने मुक्कामाकडे रवाना झालेले असते. स्टेशनवर सगळी मुले फरशीवर, गुडघे छातीशी घेऊन, वर्गवार रांगांत बसतात. येणारे-जाणारे प्रवासी त्यांना वळसा घालून जातात आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. मुख्याध्यापकांचे भाषण होते, मग सोबत येणाऱ्या फोटोग्राफरची, परिचारिकेची आणि प्रवासी कंपनीच्या माणसाची ओळख करून दिली जाते, आणि सगळी शाळा एका सुरात ‘आपल्या भरवशावर आहोत’ अशा अर्थाचा नमस्कार करते. गाडी फलाटावर एखाद-दोन मिनिटेच थांबते. तेवढ्यात चाळीस मुलांचा वर्ग दोन दारांनी चढवायचा असतो. कोणी कोणत्या क्रमाने चढायचे, हे पुस्तिकेत असते. काही शाळा याची मैदानावर तालीमही करतात, खडूने आखलेल्या डब्यात.

निक्कोला जाणाऱ्या लहान मुलांच्या वाट्याला बस येते. बसमध्ये गणवेशातली, पांढरे हातमोजे घातलेली गाईड असते. ती माहिती सांगते, कोडी घालते, गाणे म्हणते आणि दुसऱ्या दिवशी निरोप घेताना अर्धी बस रडते. पहिल्या चार रांगा बस लागणाऱ्या मुलांसाठी राखीव. निक्कोहून चूझेन्जी तलावाकडे चढणारा इरोहा घाट म्हणजे या व्यवस्थेची कसोटी. चढण्याचा आणि उतरण्याचा रस्ता वेगळा असून दोन्ही मिळून ४८ वळणे आहेत, आणि प्रत्येक वळणावर जुन्या ‘इरोहा’ वर्णमालेतले एकेक अक्षर पाटीवर लिहिलेले आहे. घाटात खिडकीच्या जागेवरून होणारी भांडणे आणि आले-लिंबाचे उपाय मराठी वाचकाला नवे नाहीत. पण उलटी नेमक्या कोणत्या अक्षराला झाली, हे सांगता येण्याची सोय फक्त निक्कोला आहे. एवढे सोसून वर पोहोचल्यावर ९७ मीटर उंचीचा केगोन धबधबा दिसतो. धुके असेल तर तोही ऐकूच येतो.

खाली तोशोगू हे शोगुन तोकुगावा इएयासूचे समाधिमंदिर आहे. १६१७ साली ते उभे राहिले आणि १६३६ मध्ये त्याला आजचे झगमगीत रूप आले. मुलांना त्यात तीन माकडे आणि एक झोपलेले मांजर पाहायचे असते. माकडे खरे तर तबेल्याच्या भिंतीवरच्या आठ फळ्यांपैकी एकीवर आहेत. आठही फळ्या मिळून बालपणापासून आईपणापर्यंतची सगळी कथा सांगतात. पण आठवी फळी पाहीपर्यंत थांबलेला वर्ग अजून कोणाच्या पाहण्यात नाही. मांजर इतके लहान आहे की बरीच मुले त्याच्या खालून जातात आणि मग मांजर कुठे आहे असे विचारतात.

नारामध्ये संस्कृती स्वतःहून मुलांच्या अंगावर येते. नारा उद्यानात हजाराहून जास्त हरणे मोकळी फिरतात. ती देवाची दूत मानली जातात आणि १९५७ पासून राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षित आहेत. त्यांच्यासाठी तांदळाचा कोंडा आणि पीठ यांच्या चकत्या विकत मिळतात. गठ्ठ्याभोवतीची कागदी पट्टीही हरणाच्या पोटात गेली तरी अपाय होणार नाही अशी बनवलेली असते, कारण ती जातेच. हरीण चकती पाहून मान लववते. मुले आनंदाने उलट नमस्कार करतात. हरीण पुन्हा लववते. जपानी शिष्टाचारानुसार हा क्रम बराच वेळ चालायला हवा, पण तिसऱ्या नमस्कारानंतर हरणाचा धीर सुटतो आणि ते गणवेशाचा कोट ओढू लागते. उद्यानात या स्वभावाची सूचना देणाऱ्या सचित्र पाट्या आहेत: हरीण चावते, लाथ मारते, शिंगाने ढुसणी देते, धावून पाडते. पाटी वाचून झालेल्या मुलांची सहलीची पुस्तिका त्यातले एखादे हरीण तोवर खात असते. वेळापत्रकाचे पान गेलेल्या मुलाला त्या दिवसापुरते स्वातंत्र्य मिळते.

तिथून तोदाइजी. आतली महाबुद्धाची कांस्यमूर्ती सुमारे १५ मीटर उंच आहे. ७५२ साली तिच्या नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला, तेव्हा डोळे रंगवण्याचा कुंचला धरला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. त्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या मंडळींनी त्या धरून पुण्यात वाटा घेतला होता, असे सांगतात. एकच काम अनेकांनी मिळून करायची पद्धत तेव्हापासून रुळलेली दिसते. मुलांचे लक्ष मात्र मागच्या एका लाकडी खांबाकडे असते. त्याच्या बुंध्याला आरपार भोक आहे आणि ते बुद्धाच्या नाकपुडीएवढे आहे, अशी ख्याती. त्यातून जो पलीकडे निघेल त्याला मोक्ष, किमान पक्षी नशीब लाभते. सहावीतली मुले सहज निघतात. नववीतल्या मुलांचे खांदे अडकतात, मग दोघे हात धरून ओढतात आणि एक जण फोटो काढतो. शिक्षक हा मार्ग टाळतात.

क्योतोत मुलांना गटागटाने मोकळे सोडतात. मार्ग प्रत्येक गटाने महिनाभर आधी ठरवून शिक्षकांकडून मंजूर करून घेतलेला असतो. बसने किती मिनिटे, पायी किती, दुपारी काय खायचे, सगळे. काही गटांना दिवसभरासाठी टॅक्सी दिली जाते. तिचा चालकच वाटाड्या, इतिहासकार आणि फोटोग्राफर असतो, आणि शिक्षक नसल्यामुळे त्याची लोकप्रियता मोठी असते. बाकीच्या मुलांना शहर बस. एकेकाळी बसचे दिवसभराचे स्वस्त तिकीट हा सहलीचा आधार होता. पर्यटकांच्या गर्दीने बस इतक्या भरल्या की २०२३ मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली. त्यामुळे आता मुलांनी महिनाभर खपून आखलेला मार्ग पहिल्याच थांब्यावर, तीन भरलेल्या बस समोरून निघून गेल्यावर, इतिहासजमा होतो. मग काय करायचे, हे पुस्तिकेत नसते. सहलीतली पहिली खरी चर्चा इथे होते.

किंकाकुजीचा सोनेरी मंडप पाहायला साधारण वीस मिनिटे पुरतात. वाट एकाच दिशेने जाते आणि मागून येणारी शाळा पुढच्या शाळेला ढकलत असते. हा मंडप १९५० साली एका शिकाऊ भिक्षूने पेटवून दिला आणि आजचा मंडप १९५५ मध्ये पुन्हा बांधलेला आहे, हे कळले की काही मुलांचा भ्रमनिरास होतो. त्याहून मोठा भ्रमनिरास गिंकाकुजीत होतो. नाव चांदीचे, पण भिंतीवर चांदीचा कण नाही. शांत, तपकिरी, साधे लाकूड. जपानी सौंदर्यदृष्टीचा कळस म्हणून जाणकार जे दाखवतात, त्यासमोर दरवर्षी लाखभर मुलांच्या मनात एकच विचार येतो की आपल्याला फसवले.

र्‍योआन्जीच्या प्रसिद्ध दगडी बागेत पंधरा दगड आहेत आणि ओसरीवर कुठेही बसले तरी एक दगड लपलेलाच राहतो. अपूर्णतेवर चिंतन करावे म्हणून ही रचना असल्याचे म्हणतात. गट चिंतन करत नाही. गट दोन टोकांना दोन माणसे बसवतो, दोघांकडून मोजणी घेतो, बेरीज जुळवतो आणि पंधराचा आकडा वहीत टिपून पाच मिनिटांत बाहेर पडतो. समूहकार्याचे शिक्षण यशस्वी झाल्याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

कितानो तेन्मानगू इथे मात्र मुले खरीखुरी श्रद्धेने जातात. सुगावारा नो मिचिझाने हा नवव्या शतकातला विद्वान मंत्री तिथे विद्येचा देव म्हणून पुजला जातो. आवारात बसलेल्या बैलांच्या मूर्ती आहेत. त्यांचे डोके चोळून मग आपले डोके चोळले की बुद्धी वाढते. नववीच्या वर्षाअखेर प्रवेशपरीक्षा असल्यामुळे बैलांची डोकी गुळगुळीत झाली आहेत. किओमिझुदेरालाही तीन धारांचे पाणी पिण्यासाठी लांब रांग लागते, आणि तेरा मीटर उंचीच्या लाकडी सज्जावर वर्गाचा समूहफोटो निघतो. समूहफोटोसाठी लाकडी पायऱ्या मांडलेल्याच असतात. त्या दिवशी आजारी पडून घरी राहिलेल्या मुलाचा चेहरा पुढे फोटोच्या वरच्या कोपऱ्यात गोल चौकटीत चिकटवला जातो. सहलीला न गेलेला तो एकटाच सगळ्या सहलीकडे वरून पाहत राहतो, आणि पुढे आयुष्यभर सगळ्यांच्या लक्षात राहतो तोही तोच.

खरेदीसाठी पैशांची मर्यादा असते आणि त्या मर्यादेचा पहिला बळी मुलांचा विवेक. आईवडील, आजीआजोबा आणि शेजारी यांच्यासाठी दालचिनीच्या वासाची, आत गोड वाटण भरलेली त्रिकोणी नामा-यात्सुहाशी घेतली जाते. ती सगळीच दुकाने चवीला देत असल्यामुळे दुपारचे जेवण वाचते. उरलेल्या पैशांतून मुलगे लाकडी तलवार घेतात. तिचा क्योतोशी संबंध एवढाच की ती क्योतोत विकायला आहे, आणि तशीच ती निक्कोत आणि इतरत्रही मिळते. लाकडी तलवार घेऊ नये, असे अनेक पुस्तिकांत स्पष्ट लिहिलेले असते, यावरून तिच्या खपाची कल्पना यावी. घरी नेल्यावर ती दोन दिवस फिरवली जाते, मग छत्र्यांच्या स्टँडमध्ये उभी राहते. जपानी घरांतल्या छत्र्यांच्या स्टँडचे उत्खनन पुढे कधी झाले, तर हा देश विसाव्या शतकातही सामुराईंचाच होता, असा निष्कर्ष निघेल.

संध्याकाळी सराय. बूट दारात, वर्गवार, टाचा भिंतीकडे. आंघोळ सामाईक हौदात, वर्गाला पंधरा-वीस मिनिटे. आंघोळ समितीचा प्रमुख दारात घड्याळ घेऊन उभा असतो. मग शाळेचा खेळाचा पोशाख घालून सगळे एका दिवाणखान्यात जेवायला बसतात, प्रत्येकापुढे स्वतंत्र ताट आणि छोट्या चुलीवर उकळणारे भांडे. दहाला दिवे मालवतात. इथून पुढे पुस्तिकेत एकच शब्द आहे, झोप, आणि सहलीचे मुख्य सत्र तिथेच सुरू होते.

तातामी चटयांवर ओळीने अंथरलेल्या गाद्या आणि प्रत्येक डोक्यामागे एक उशी, एवढे साहित्य समोर असताना उशा फेकल्या जाणार नाहीत, अशी अपेक्षा शिक्षण मंत्रालयही करत नसावे. या उशाफेकीला नियम असे नाहीत, पण एक इशारा सर्वत्र सारखा आहे: मास्तर आले! तो होताच सगळी खोली क्षणात पांघरुणाखाली जाते आणि इतकी गाढ झोपते की एवढ्या गाढ झोपेची शंका यावी. शिझुओका प्रांतातल्या इतो या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाने २०१३ पासून उशाफेकीची अखिल जपान स्पर्धाच भरवली आहे. खेळाडू झोपेच्या सोंगाने सुरुवात करतात आणि ‘मास्तर आले’ ही आरोळी तिथे अधिकृत डाव आहे. एका खोडीला नियमपुस्तक, संघ आणि वेळमापक मिळून तिचे क्रीडाप्रकारात रूपांतर झाले, ही घटना जपानी संस्कृतीविषयी जेवढे सांगते तेवढे कितानोचा बैलही सांगत नाही.

मुलींच्या खोलीत उशा कमी आणि गुपिते जास्त फिरतात. कोणाला कोण आवडते, याची फेरी अंधारात होते; शेवटचा नंबर असलेली मुलगी तोवर झोपल्याचे सोंग घेते. सहलीच्या शेवटच्या रात्री किंवा किओमिझूच्या उतारावर प्रेमाची कबुली देण्याची रीत आहे. होकार मिळाला तर परतीच्या गाडीत दोघे एकमेकांकडे पाहत नाहीत, नकार मिळाला तरी पाहत नाहीत. त्यामुळे निकाल बाकीच्यांना कळत नाही. कॉरिडॉरमध्ये शिक्षक खुर्ची टाकून बसतात. काही अनुभवी शिक्षक दारांच्या फटीवर कागदी पट्टी चिकटवतात आणि पहाटे ती फाटली आहे का ते पाहतात. मुले ती पट्टी सोडवून पुन्हा जशीच्या तशी लावायला शिकतात. कागदकामात जपानचा हात कोणी धरू शकत नाही.

अनेक शाळा हिरोशिमालाही जातात आणि उच्च माध्यमिकच्या बऱ्याच ओकिनावाला. तिथे पुस्तिकेतले घोषवाक्य बदलते आणि आवाजही. हिरोशिमाच्या शांती उद्यानात मुलांचे स्मारक आहे. किरणोत्साराने १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी मरण पावलेल्या सादाको सासाकी हिच्या वर्गमित्रांनी पुढाकार घेतला आणि १९५८ मध्ये ते उभे राहिले. प्रत्येक शाळा महिनाभर घड्या घालून केलेल्या हजार-हजार कागदी क्रौंचांच्या माळा तिथे वाहते. असे सुमारे दहा टन क्रौंच दरवर्षी जमतात. बॉम्बातून वाचलेल्या वृद्धांचे कथन ऐकताना मुले टिपणे घेत नाहीत, कोणी सांगितलेले नसतानाही.

परतीच्या गाडीत सगळी शाळा झोपते. आरोग्य समितीसुद्धा. उठवल्यावर डब्यातला कचरा गोळा केला जातो, आसनांच्या पाठी सरळ केल्या जातात आणि पडदे सारखे केले जातात. आलो होतो त्याहून स्वच्छ करून जायचे, ही शिकवण बालवाडीपासूनची आहे. स्टेशनवर पुन्हा गुडघे छातीशी घेऊन बसणे, पुन्हा मोजणी आणि पुन्हा मुख्याध्यापक. त्यांचे समारोपाचे वाक्य सगळ्या देशाला पाठ आहे: घरी पोहोचेपर्यंत सहलच चालू असते. म्हणजे शिस्त सोडू नका, वाटेत थांबू नका, गाड्या पाहून रस्ता ओलांडा. एका प्राथमिक शाळेतल्या मुलाने यावर, मग ३०० येनमधला उरलेला खाऊ आता खाता येईल का, असे विचारले असल्यास ते अगदी सुसंगत म्हणावे लागेल.

शाळेत परतल्यावर अहवाल येतात. प्रत्येक गट भिंतीवर लावायचे वर्तमानपत्र बनवतो. त्यात किंकाकुजीची स्थापना, हरणांची संख्या आणि यात्सुहाशीचे प्रकार असतात. अनुभवाच्या कोऱ्या ओळींवर ‘प्रत्यक्ष पाहिल्याने इतिहास जवळचा वाटला आणि मित्रांशी नाते घट्ट झाले’ अशा अर्थाचा मजकूर एका वर्गात तीस-पस्तीस वेळा सापडतो. शिक्षक प्रत्येकाखाली लाल शाईचे फूल काढतात.

मग एके दिवशी कॉरिडॉरच्या भिंतीवर सोबत आलेल्या फोटोग्राफरचे शेकडो फोटो क्रमांक घालून लागतात. हल्ली बऱ्याच शाळांत ते इंटरनेटवर येतात, पण भिंतीची मजा वेगळी होती. मुले पाकिटावर हवे ते क्रमांक लिहितात, हिशेबाने पैसे घालतात आणि शिक्षकांकडे देतात. पाकिटे उघडताना शिक्षकांना एक गोष्ट दरवर्षी आढळते. एखादा मुलगा ज्या फोटोत तो स्वतः कुठेच नाही, असा फोटो मागवतो. फोटोत महाबुद्ध मधोमध असतो, आणि उजव्या कडेला दुसऱ्या वर्गातली एक मुलगी हरणाला चकती देताना अर्धी आलेली असते. महाबुद्धाविषयी एवढी आस्था मुलाच्या वर्तमानपत्रात दिसलेली नसते. शिक्षक क्रमांक वहीत लिहितात, पैसे मोजतात आणि पुढचे पाकीट उघडतात. त्यातही तोच क्रमांक असतो.